सोमवारची गादी

गादी का टोचते याची उत्तरं देणारी माणसं मला हल्ली पावलोपावली भेटतात. दुकानदार म्हणतो, आजी, आतला फोम दबलाय. नातू म्हणतो, तुझी उशीच उंच आहे. खालच्या मजल्यावरची योगासनं शिकवणारी बाई म्हणते, तुमचा कणा वाकडा झालाय, त्याला गादी बिचारी काय करणार! मी सगळ्यांचं ऐकून घेते. पण मनात म्हणते, बाबांनो, गादीचं मला शिकवू नका. माझं निम्मं बालपण एका गादीच्या पाठी गेलंय. आणि ती गादी अशी होती, की इतर दिवशी बरी असायची आणि सोमवारी टोचायची.

हसू नका. खरंच सोमवारी.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. एकच खोली. तिच्यात मोरी, चूल, देव, आणि भिंतीला लागून एक लोखंडी पलंग. पलंग बाबांचा. आई, मी आणि माझे दोघे धाकटे भाऊ खाली चटईवर. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. कमावता माणूस पलंगावर झोपणार, ही रीतच होती. बाबा गिरणीत ब्लोरूमला होते. म्हणजे कापूस गिरणीत पहिल्यांदा शिरतो ते खातं. दाबून बांधलेल्या गाठी तिथे फोडायच्या, कापूस मोकळा करायचा, यंत्रात घालून त्यातली माती आणि पानांचा चुरा झाडून काढायचा. बाबा पहिल्या पाळीहून दुपारी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. कानाच्या पाळीवर, मानेच्या घडीत, छातीवरच्या केसांत कापूस. आई दारातच फडक्याने त्यांना झटकायची आणि हातावर गुळाचा खडा ठेवायची. गूळ खाल्ला की नरड्यातला कापूस पोटात उतरतो असं सगळं गिरणगाव मानायचं. आम्हीही मानायचो, कारण बाबांच्या खड्यातला तुकडा आम्हालाही मिळायचा.

कापसाचा बाबांना भारी गर्व. दोन बोटांत चिमूटभर कापूस धरून ओढायचे आणि कुठल्या मुलखातला, कितपत टिकेल, ते सांगायचे. घरात आम्ही मालवणी बोलायचो. बाबांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "कापूस माका इचार!" भाताविषयी आईला विचारा, देवाविषयी शेजारच्या म्हातारीला विचारा, पण कापूस मला.

आणि नेमकी त्यांच्याच पलंगावरची गादी कापसाची नव्हती. ती होती सावरीची. आईच्या माहेरी, मालवणकडे, घरामागे सावरीचं मोठं झाड होतं. त्याची बोंडं फुटली की आत रेशमासारखा मऊ कापूस निघतो. आईचं लग्न ठरलं तसं आमच्या आजोबांनी दोन वर्षं बोंडं गोळा केली, मावश्यांनी बसून त्यातलं बी वेचलं, आणि ती गादी आईबरोबर मुंबईला आली. आईच्या अंगावर सोनं नव्हतंच म्हणा ना. तिचं सोनं म्हणजे ती गादी. खोलीत कुणी बाई आली की आई बोलता बोलता गादीवरून हात फिरवायची. "आमच्या बापाशीन दिल्यान," एवढंच म्हणायची.

बाबा तिला चिडवायचे. "झाडाचो कापूस तो! त्येका काय कापूस म्हणतत?" आई म्हणायची, "मग झोपतास कित्याक त्याच्यार?" दोघं हसायची. माझ्या आठवणीतली सुरुवातीची वर्षं ही अशी आहेत.

मग सोमवार सुरू झाले. रविवारी गिरणीला सुट्टी. बाबा बाजार करायचे, मासे आणायचे, आम्हाला घेऊन शिवडीच्या बाजूला फिरायला जायचे, येताना माझ्या धाकट्या भावाला खांद्यावर बसवून दोन जिने चढायचे. सोमवारी पहिल्या पाळीला जायचे, दुपारी येऊन आडवे व्हायचे, आणि दहा मिनिटांत उठून बसायचे. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं म्हणायचे. कूस बदलायचे. उशी काढायचे, परत घ्यायचे. मग गादीवर मूठ मारायचे. "टोचता! तुझ्या बापाशीन गादयेत काटे भरल्यान काय?"

आता तुम्हीच सांगा, माणसाला झोप नाही आली तर तो कुणाला धरणार? जे अंगाखाली असतं त्याला. बाबांनीही तेच केलं. आणि त्यात एक गोष्ट अशी होती की संशय घ्यायला जागाच होती. आम्ही गादी उन्हात घालायचो रविवारी. आई आणि मी ती गॅलरीच्या कठड्यावर पसरायचो, आई वेताने बडवायची. रविवारी गादी बडवली की सोमवारी टोचते, हे बाबांनी पकडलं. "उन्हात गरम होता, आतला सगळा फुलान वर येता," असं त्यांचं शास्त्र. बरं, आईने रविवारी उन्हात घालणं बंद केलं. सोमवारी परत तेच. मग ओल धरली म्हणून टोचते. मग परत ऊन.

चाळीत अशी गोष्ट लपत नाही. अख्ख्या मजल्याला ठाऊक झालं की आमच्याकडे गादी बिघडलीय. मग काय विचारता! शेजारची म्हातारी म्हणाली, डोकं उत्तरेला येतंय, पलंग फिरवा. फिरवला, तर मोरीचं दार उघडेना, म्हणून परत होता तिथे. कुणी म्हणालं ढेकूण. ढेकूण तर होतेच, कुणाकडे नव्हते? पलंग गॅलरीत काढून आईने सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतलं, वर रॉकेल शिंपडलं. आठवडाभर खोलीला रॉकेलचा वास. ढेकूण गेले, सोमवार काही गेला नाही.

हे चालू होतं तेव्हा बाहेर मुंबईचं निराळंच चालू होतं. आमच्या चाळीत त्या दिवसांत मुंबई कुणाची यावरून दुसरं बोलणंच नव्हतं. खालच्या मैदानात सभा, भिंतींवर कोळशाने लिहिलेल्या घोषणा, बायकासुद्धा पदर खोचून मोर्च्याला. आम्ही पोरं गॅलरीत लाटणी घेऊन "झालाच पाहिजे" करत फिरायचो आणि एकमेकांना पोलीस करायचो. पोलीस व्हायला कुणी तयार नसायचं. बाबा मोर्च्याला जायचे, पण घोषणा देताना त्यांना खोकला यायचा. शेजारचे काका चेष्टेने म्हणायचे, तू नुसता हात वर कर रे, ओरडायचं आमच्याकडे.

अशातच एकदा बाबांनी निकाल लावला. सावरीची गादी काढायची आणि खऱ्या कापसाची भरायची. आईने खूप नाही म्हटलं. रुसली, बोलली, एक दिवस जेवली नाही. पण शेवटी माणसाची झोप मोठी की झाडाचा कापूस? तिने स्वतः बसून खोळ उसवली. आतला सावरीचा कापूस उडू नये म्हणून दार लावून घेतलं, आणि तो सगळा मुठीमुठीने उशांच्या अभ्र्यांत भरला. चांगल्या तीन गच्च उशा झाल्या. मी शेजारी बसून अभ्र्यांची तोंडं धरत होते. आई मधेच मूठ नाकाशी नेऊन वास घ्यायची.

बाबांनी गिरणीतल्याच ओळखीने कापूस आणला. स्वतः बोटांत ओढून पारखून आणलेला. पिंजाऱ्याला बोलावलं. तो म्हातारा चाचा खांद्यावर ती लांब कमान घेऊन आला आणि गॅलरीतच बसला. तारेवर ठोका बसला की टँव् टँव् आवाज, आणि कापूस असा फुगून वर यायचा की आम्हा पोरांना त्याच्यात उडी मारावीशी वाटायची. गॅलरीभर पांढरं. कठड्यावर, कुंड्यांतल्या तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर. बायका दारं लावून आतून ओरडत होत्या. बाबा मात्र तिथेच उभे. खोकत होते आणि पिंजाऱ्याला शिकवत होते. "जरा और मारो चाचा, अभी मोकळा नहीं हुआ." चाचा मान हलवायचा आणि आपल्याच लयीत मारायचा.

गादी भरून, टाके घालून झाली, आणि दुसऱ्याच दिवशी हरताळ पडला. शहरात गोळीबार झाल्याची बातमी आली, संचारबंदी लागली, गिरण्या बंद. ते दिवस मोठे वाईट होते. कुणाचा मुलगा घरी आलेला नाही, कुणाचा भाऊ इस्पितळात. आई दाराला कडी लावून बसलेली, आम्हाला खिडकीशी जाऊ देत नव्हती. आणि अशा दिवसांत, सांगायला संकोच वाटतो, आमचे बाबा झोपले. पहिल्या दिवशी थोडे, दुसऱ्या दिवशी बरेच, तिसऱ्या दिवशी दुपारी आडवे झाले ते दिवेलागणीला उठले. उठून तोंड धुतलं आणि हसले. "बघ. कापूस तो कापूस. माका इचार!"

आई म्हणाली, "बरा झाला." आणि तिने तोंड फिरवलं. तिच्या बापाच्या गादीची हार झाली होती ना! पण तिला आनंदही झाला होता, तो दिसत होता. त्या संध्याकाळी संचारबंदीतसुद्धा तिने गोडाची सांदणं केली.

गिरणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी बाबा दुपारी आले, नव्या गादीवर आडवे झाले आणि उठून बसले.

मी तिथेच होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावले नव्हते, घाबरले होते. नवी गादी, आपण स्वतः पारखलेला कापूस, आणि तेच! मग राग आला. तो पिंजाऱ्यावर निघाला. त्याला परत बोलावून आणलं, गादी परत उसवली. चाचा कापूस हातात घेऊन म्हणाला, "इसको क्या हुआ साब? मक्खन है." बाबांनी परत पिंजून घेतला. परत गॅलरीभर पांढरं, परत खोकला, परत टाके. आज विचार केला की माझं डोकंच फिरतं. कापसाने छाती भरलेल्या माणसाला आम्ही घरी कापूसच भरून देत होतो, तोही त्याच्या नाकासमोर पिंजून! पण तेव्हा हे कुणाला सुचणार? कापूस म्हणजे आमची भाकरी. भाकरीवर कोण संशय घेतो?

पुढच्या वर्ष-दीड वर्षात ती गादी किती वेळा उसवली त्याचा हिशेब नाही. दुखणं सोमवारपासून मंगळवारपर्यंत लांबलं, मग बुधवारपर्यंत. बाबा आता दोन जिने चढताना मधल्या वळणावर थांबायचे आणि मी पाहतेय असं दिसलं की चप्पल नीट करायचे.

आणि मग तो दुसरा हरताळ. त्या वेळी गादी उसवलेली होती. पिंजारी दुसऱ्या दिवशी येणार होता, पण रस्ते बंद झाले आणि तो येऊच शकला नाही. कापूस दोन गोणपाटांत भरून मोरीच्या वर टांगलेला, पलंगावर नुसत्या लोखंडी पट्ट्या. बाबा आमच्यासारखे खाली चटईवर. बंद लांबला. आणि एका दुपारी मी गॅलरीतून आत आले तर आई चुलीजवळ उभी होती. हातात पळी, आणि ती बाबांकडे बघत होती. बाबा फरशीवर, अंथरलेल्या चटईवर, उशीसुद्धा न घेता उताणे झोपले होते. तोंड थोडं उघडं, छाती सारखी वरखाली. लहान मुलासारखा श्वास. आमटी उतू गेली तरी आईला कळलं नाही.

मला एकदम कळलं आणि मी बोलून गेले, "आये, गादी नाय तरी झोपले!"

"गप रव," आई म्हणाली.

"गिरण बंद असली की झोपतत. मागच्या टायमाकपण—"

"गप रव म्हटलंय ना!" ती माझ्या दंडाला धरून मला गॅलरीत घेऊन आली. मला वाटलं आता मार बसणार. पण तिने दंड सोडला आणि कठड्याला टेकून खाली बघत राहिली. रस्ता रिकामा होता. पलीकडे गिरणीचं धुराडं, त्यातून धूर नाही. मग हळू म्हणाली, "गादी बदलूक येता. गिरण बदलूक येता काय गो?"

माझी आई गप्प बसणारी बाई नव्हती. तिने एकदा प्रयत्न करून पाहिला. बाबांना न सांगता, गावाहून आलेले काजूगर पुडीत बांधून ती बाबांच्या मुकादमाच्या घरी काळाचौकीला गेली. मला बरोबर नेलं. मुकादमाच्या बायकोपाशी बसून म्हणाली, ह्यांना दुसऱ्या कुठल्या खात्यात घेता आलं तर बघा. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं : दुसऱ्या खात्यात घेतो, पण तिथे हे नवे. बदली म्हणून यावं लागेल. म्हणजे रोज सकाळी दरवाजावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी परत. आई "बरा" म्हणाली. तिने चहा पूर्ण प्यायला आणि उठली.

मुकादमाने ते बाबांना सांगितलंच. सांगणारच. बाबा घरी आले ते दारात झटकून घ्यायलासुद्धा थांबले नाहीत. "माका बदली करतंस? ह्या वयात मिया दरवाजार पोरांबरोबर उभो रवू?" बाबांचा आवाज चढला की श्वास तुटायचा, तसा तुटला. पलंगाची कड धरून बसले. तरी बोलणं थांबेना. "गादयेचो दोष गिरणीर कित्याक घालतंस? मिया कापूस वळखतंय! कापूस माका काय करतलो?" सगळा मजला ऐकत होता. आई म्हणाली, "चुकला माझा. गादीच वायट आसा." आणि तिने पुढे येऊन त्यांच्या पाठीमागे उशी दिली. सावरीची. तेव्हापासून ते टेकून बसूनच झोपू लागले, पाठीला त्या तीन उशा लावून. आडवं होणं सुटलंच.

बाबांना काही कळत नव्हतं असं मला त्या दिवशी वाटलं. तेही खरं नव्हतं.

थोड्या महिन्यांनी ते डॉक्टरकडे गेले. परळच्या नाक्यावर दवाखाना होता. आईला घरकाम होतं म्हणून मी बरोबर. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुठलं खातं?" बाबा म्हणाले, ब्लोरूम. डॉक्टर नळी गळ्यातून काढत म्हणाले, "मग सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त धरत असणार. कापसाच्या धुळीचंच हे, मी काय औषध देऊ? त्या धुळीतून बाहेर पडा. नाही पडलात तर हे वाढणार." बाबांनी विचारलं, "गादीमुळे नाही ना?" डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. "कसली गादी?" म्हणाले.

परत येताना बाबांनी नाक्यावर मला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली. जिन्याच्या वळणावर थांबले, आणि या वेळी चपलेचं नाटक केलं नाही. कठडा धरून सरळ उभे राहिले. वर आलो तर आई दारात. "काय म्हणालो दागदर?"

"गादयेत ओल धरलीहा म्हणता," बाबा म्हणाले. "उन्हात घालीत जा."

आई माझ्याकडे बघत होती. बाबाही माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात चिक्की होती. तिला ठाऊक होतं ते ती त्यांना सांगणार नव्हती, त्यांना ठाऊक होतं ते ते तिला सांगणार नव्हते, आणि मला दोघांचं ठाऊक. मी तेरा-चौदा वर्षांची पोर. मी कुणाला काय सांगणार होते? आणि सांगून काय झालं असतं? भाऊ शाळेत जायचे होते. गावाला पैसे पाठवायचे होते. खोलीत पाच माणसं जेवत होती. मला राग यायचा, अजून येतो. कुणावर काढू तेवढं मात्र कळत नाही. मी आत जाऊन पाणी प्यायले.

पुढे महाराष्ट्र राज्य झालं, तो दिवस. मुंबई आमची झाली. आमची म्हणजे काय ते मोठ्यांना विचारा, आम्हाला एवढंच कळलं की जिंकलो. चाळीला पताका, दारोदार रांगोळ्या, गॅलरीच्या कठड्यावर पणत्यांची ओळ. दिवाळीतसुद्धा एवढी नसायची. शेजारच्या काकांनी पेढे वाटले. मागच्या गोळीबारात ज्यांचा मुलगा गेला होता त्या तळमजल्यावरच्या बाईंनीही दारात पणती लावली होती, आणि सगळ्या बायका जाऊन त्यांच्याजवळ बसून आल्या. तो दिवस रविवारचा होता, आणि आधी एकदोन दिवस जोडून बाबांचे खाडेच झाले होते. त्यामुळे छाती जरा मोकळी होती. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले, पोरांबरोबर घोषणासुद्धा दिली. पुरी दिली, मधे न खोकता. शेजारच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, आज आडवो होऊन बघतंय. आईने गादी नीट केली. ते आडवे झाले आणि झोपले. आई पंखा घेऊन शेजारी बसली होती. गरज नव्हती, तरी वारा घालत होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. भोंगा झाला. राज्य नवं आलं, पण भोंगा तोच. बाबांनी डबा घेतला, चपला घातल्या, आणि दारातून मागे वळून, दर सोमवारी म्हणायचे तसंच म्हणाले, "गादी वायच उन्हात घाल गो."

"घालतंय," आई म्हणाली.

आम्ही दोघींनी गादी उचलून गॅलरीत नेली. कठड्यावरच्या विझलेल्या पणत्या बाजूला केल्या आणि ती पसरली. आईने वेत घेतला आणि बडवायला लागली. इतक्या वेळा पिंजलेली, इतक्या वेळा उन्हात घातलेली गादी ती, तिच्यातून धूळ म्हणून निघत नव्हती. तरी आई मारत होती. खांद्यावरून वेत नेऊन मारत होती. मी "आये, पुरे" म्हटलं. ती थांबली नाही. तिचा पदर पडला, अंबाडा सुटला, डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते पुसायलाही हात थांबला नाही. मी दुसरं टोक धरून उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

शेजारची म्हातारी आवाजाने दारात आली. आईकडे बघत म्हणाली, "काय गो, परत गादी बिघडली?"

"होय," आई म्हणाली, आणि तिने वेत परत उचलला. "गादीच वायट."